आय की मी

सरांना झटका आला तो वर्ग चालू असताना. हातात खडू, पाठ मुलांकडे आणि फळ्यावर अर्धं वाक्य. पोरांना वाटलं, सर शब्द आठवतायत. आता बोला! तीसेक वर्षं तोच धडा शिकवणारा माणूस शब्द आठवत उभा राहतो होय? तिथेच शंका यायला हवी होती. पण पोरं ती पोरं, दोन मिनिटं गप्पा मारायला मिळाल्या म्हणून खूश. सर फळ्याला टेकले, खाली बसले, मग आडवे झाले, तेव्हा कुठे एक मुलगी किंचाळत स्वयंपाकघरात आली, "काकू, सर बघा कसे करतायत!"

काकू म्हणजे सरांची बायको. नवऱ्याला सगळं गाव 'सर' म्हणायला लागलं, तशी ही बिचारी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सगळ्यांची काकू होऊन बसली. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बाकं, फळा आणि सरांची हातांची खुर्ची. मागच्या खोलीत गॅस, भांडी, पलंग आणि काकू. मध्ये भिंत म्हणायची, पण ती प्लायवूडची. इकडे कांदा चिरला तर तिकडच्या पोरांच्या डोळ्यांना पाणी, आणि तिकडचं व्याकरण इकडे काकूंच्या कानात. शिकायची इच्छा असो वा नसो.

आता तो धडा काय होता ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. इंग्रजीत माणसाला स्वतःसाठी दोन शब्द लागतात. आपण काही केलं तर 'आय', आणि आपल्याला कुणी काही केलं तर 'मी'. झालं! आमच्या पोरांची इथेच दांडी गुल. घरी जन्मापासून 'मी जेवलो, मी पडलो' म्हणणारं पोर इंग्रजीतही 'मी'च म्हणणार ना? मग छडी खाणार. तसंच 'ही' आणि 'हिम', 'शी' आणि 'हर', 'दे' आणि 'देम'. सरांचा एकच मंत्र होता, "करतो कोण आणि होतं कुणाला? आधी ते विचारा, मग तोंड उघडा." मग सर एकेक वाक्य म्हणायचे, रिकाम्या जागी 'डॅश' म्हणायचे आणि शेवटी दोन पर्याय द्यायचे. 'माय ब्रदर अँड डॅश आर प्लेइंग. आय की मी?' सगळी पोरं एका सुरात, 'आय!' दुसरं वाक्य, 'द टीचर कॉल्ड माय सिस्टर अँड डॅश. आय की मी?' पोरं, 'मी!' वाक्यं ठरलेली, क्रम ठरलेला. एकाही वर्षी सरांनी तो बदलला नाही. क्रम बदलला की पोरं बिथरतात, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी पाचला ही आरती सुरू व्हायची आणि काकूंचा चहा उकळायला यायचा.

तर सरांना झटका आला. दवाखाना झाला. उजवा पाय काठीच्या आधाराने चालायला लागला, हात निम्माशिम्मा आला, बोलणं मात्र गेलं, तीनचार शब्द काय ते उरले. डॉक्टर म्हणाले, थोडंफार समजतं त्यांना, पण शब्द सापडत नाहीत. बोलणं शिकवायला एक तरुण मॅडम यायच्या. काकू त्यांना मनातल्या मनात 'स्पीचवाली' म्हणायच्या. ती चित्रांचे पत्ते घेऊन यायची. कप, कंगवा, किल्ली. सर कंगव्याकडे बघायचे, डावा हात डोक्यावरून फिरवायचे, म्हणजे वस्तू कळली होती. पण शब्द? ओठ थरथरायचे, मान ताठ व्हायची, आणि मग सर सगळे पत्ते हाताच्या एका फटक्यात खाली पाडायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस. 'कंगवा' म्हणता येत नाही म्हणून कुणी त्याच्याकडे कनवाळू नजरेने बघावं, हे त्याला कसं खपणार?

लेक दर रविवारी यायची. लेक वाईट नव्हती हो. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. ती म्हणायची, "आई, किती दिवस एकटी ओढणार आहेस? बाबांना घेऊन माझ्याकडे चल. एक खोली रिकामीच आहे. ही जागा सोडून देऊ."

"आणि वर्ग?"

"कुठला वर्ग, आई?"

प्रश्न बरोबर होता. मुलांना मॉनिटर घेऊन गेला होता. मॉनिटर म्हणजे सरांचाच जुना विद्यार्थी. आता स्वतः शिक्षक झाला, डोक्यावरचे केस गेले, तरी काकूंच्या तोंडी मॉनिटरच राहिला. सर आजारी पडल्यावर पोरांचं वर्ष बुडू नये म्हणून तो त्यांना आपल्या घरी शिकवत होता. "काकू, सर उभे राहिले की सगळी पोरं परत. ही तुमचीच आहेत," असं तो दर भेटीत म्हणायचा, आणि मनापासून म्हणायचा.

शेवटी काकूंनी लेकीकडून मुदत मागून घेतली. शाळा उघडेपर्यंत थांब. तोवर सर शिकवायला लागले तर आम्ही इथेच, नाही लागले तर तू म्हणशील तिथे. लेकीने मान डोलावली. तिला वाटलं, म्हातारीला तेवढाच धीर. काकूंना मात्र पक्कं ठाऊक होतं की सरांना या खुर्चीतून उठवून लेकीच्या घरातल्या सोफ्यावर बसवलं, की सर संपले. मग उरेल तो नुसता खाऊन-पिऊन बसलेला एक माणूस. कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी आजोबा. सर नाही.

आणि मग एके दिवशी चमत्कार झाला.

काकू भाजी निवडत बसल्या होत्या. पाचचा सुमार. डोकं भलतीकडेच, हात चालू. अशा वेळी माणूस एखादं गाणं गुणगुणतं. काकूंच्या कानात तीस वर्षं दुसरं गाणं पडलं होतं कुठे? त्या आपल्याच नादात पुटपुटल्या, "माय ब्रदर अँड डॅश आर प्लेइंग. आय की मी?"

पलीकडून स्पष्ट आवाज आला, "आय."

काकूंचा हात जिथल्या तिथे थांबला. वाटलं, भास झाला. त्यांनी श्वास रोखून दुसरं वाक्य म्हटलं, "द टीचर कॉल्ड माय सिस्टर अँड डॅश. आय की मी?"

"मी."

भाजी तिथेच टाकून काकू धावत सुटल्या. सर खुर्चीत बसले होते, पाठ ताठ, हनुवटी वर, अगदी पूर्वीसारखे. काकू तिसरं म्हणाल्या, 'आय सॉ डॅश ॲट द स्टेशन. ही की हिम?' 'हिम.' चौथं, पाचवं, सहावं. एक चुकलं तर शपथ! काकूंना इंग्रजीचा गंध नव्हता. 'थँक्यू'च्या पुढे त्यांची गाडी कधी गेली नव्हती. पण कुठल्या वाक्याला काय उत्तर येतं ते त्यांच्या कानांना पाठ होतं. सगळं बरोबर आलं. काकू सरांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या, आणि सर त्यांच्याकडे बघत राहिले, पुढचा प्रश्न का येत नाही म्हणून.

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. स्पीचवालीला तर नाहीच नाही. ती पत्ते मांडून बसायची, सर पत्ते उधळायचे, ती वहीत काहीतरी खरडायची आणि काकू मनात म्हणायच्या, बस तू कंगवे दाखवत! माझा नवरा इंग्रजी व्याकरण सोडवतो, त्याला कसला कंगवा विचारतेस! ती गेली की दार लावून पाचला यांची शिकवणी. सर दुपारपासूनच तयार. डाव्या हाताने कशीबशी दाढी करायची, धुतलेला शर्ट घालायचा. काकू समोरच्या पहिल्या बाकावर बसायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या बाकावर त्या आजवर फक्त फडकं मारायला वाकल्या होत्या. आता तिथे बसून त्या वाक्य म्हणायच्या आणि सर उत्तर द्यायचे. एक सांगू? काकू इतक्या सुखात कधी नव्हत्या. चांगल्या काळातसुद्धा सर त्यांच्याशी इतकं बोलले नव्हते.

सुख झालं की माणसाच्या पोटात राहत नाही. भाजीच्या दुकानात एका मुलाची आई भेटली, काकू बोलून गेल्या, "शाळा उघडली की सर वर्ग घेणार हं." तिने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. दोघीतिघींचे फोन आले. काकूंनी फळा पुसला, बाकं धुतली. आणि रविवारी लेकीला, मॉनिटरला आणि स्पीचवालीला एकत्रच बोलावलं. म्हटलं, एकदाच काय ते सगळ्यांचे डोळे उघडू देत.

तिघं आली. सर खुर्चीत. काकू पहिल्या बाकावर, एखादी पोर परीक्षेला बसावी तशी. सुरुवात केली. "माय ब्रदर अँड डॅश आर प्लेइंग. आय की मी?"

"आय."

लेकीने तोंडावर हात धरला. दुसरं, तिसरं, चौथं. सरांचा आवाज खणखणीत. अर्ध्यावर येईपर्यंत लेकीच्या डोळ्यांना धार लागली होती. "बाबा! अहो बाबा!" एवढंच म्हणत होती. स्पीचवालीही हरखली होती, पुढे सरकून बसली होती. काकूंनी शेवटचं वाक्य म्हटलं, शेवटचं उत्तर आलं, आणि त्यांनी मागे वळून सगळ्यांकडे असं बघितलं की काय सांगावं. बघा! मी म्हणत होते ना?

एकटा मॉनिटर खाली बघत होता. त्याचे ओठ हलत होते. स्पीचवालीचं लक्ष गेलं.

"काय झालं, सर?" तिने त्याला विचारलं.

"काही नाही, मॅडम. छान झालं. खूप छान झालं," असं म्हणत तो उठायलाच लागला.

पण ती पोरगी हुशार होती. दोघांकडे बघून तिने काहीतरी ताडलं. हळूच म्हणाली, "काकू, आता मधलंच एखादं विचारा ना."

"मधलं म्हणजे?"

"कुठलंही. सुरुवातीपासून नको, मधूनच एखादं."

काकूंनी तोंड उघडलं. काही येईना. त्यांनी मनातल्या मनात पहिल्यापासून धरलं, माय ब्रदर, द टीचर, आय सॉ... पण सगळ्यांच्या नजरा अंगावर, घोळ झाला, पुन्हा पहिल्यापासून. "अहो, मधलं कसं सांगू?" त्या चिडल्या. "मधलं सुरुवातीपासूनच येतं ना!"

मग स्पीचवाली मॉनिटरला म्हणाली, "तुम्ही विचारा."

"राहू द्या ना, मॅडम. कशाला?"

"विचारा."

मॉनिटरने घसा खाकरला. सरांकडे बघायची त्याची छाती होईना, फळ्याकडे बघत म्हणाला, "गिव्ह डॅश अ ग्लास ऑफ मिल्क. शी की हर?"

सर ताठ बसले. "आय."

"बाबा, नीट ऐका ना," लेक म्हणाली. "शी की हर?"

"अगं, तू मध्ये बोलू नकोस, त्यांचा गोंधळ होतो," काकू ओरडल्या. "विचार रे तू. दुसरं विचार."

"आय सॉ डॅश ॲट द स्टेशन. ही की हिम?"

"मी," सर म्हणाले.

मॉनिटरने आणखी एक विचारलं, त्याचा आवाज आता ऐकूही येत नव्हता. 'दे की देम?' सर म्हणाले, "हिम." मग कुणीच काही विचारलं नाही. सरांनी थोडा वेळ वाट पाहिली. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आणि पुढे चालू लागले, एका लयीत, न अडखळता. "दे." थांबले. "हर." थांबले. "शी." शेवटपर्यंत गेले. कुणी प्रश्न विचारो न विचारो, उत्तरं ठरल्या क्रमाने आली, आणि संपल्यावर सरांनी डावा हात हलवून सगळ्यांना खूण केली, बसा.

"काकू, आम्हीपण असंच करायचो," मॉनिटर म्हणाला. तो रडत होता, एवढा मोठा टकला माणूस. "वाक्य कुणी ऐकायचंच नाही. वरची पोरं खालच्या पोरांना क्रम सांगून जायची. आय, मी, हिम, दे. पाढ्यासारखं. सर खूश व्हायचे."

काकूंना आधी राग आला तो मॉनिटरचा. मेल्यांनो, तीस वर्षं फसवलंत माझ्या नवऱ्याला! मग वाटलं, सरांना ठाऊक असेल का? क्रम कधीच का बदलला नसेल? आणि मग हे दोन्ही विचार गळून पडले, कारण सर त्यांच्याकडे बघत होते, खूश होते, शाबासकीची वाट बघत होते. काकूंना ती देता आली नाही.

स्पीचवाली त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून हलक्या आवाजात विचारलं, "काकू, हे रोज घेता का?"

"रोज. पाचला."

"किती दिवस झाले?"

काकूंनी सांगितलं.

"मी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्याकडे चार शब्द होते. हो, नको, पाणी. आणि तुम्हाला हाक मारायचे, अगं. आठवतंय? मागच्या कितीतरी खेपांत मी त्यातला एकही ऐकला नाही. मला वाटलं, माझ्यासमोर बोलत नसतील. घरी बोलतात?"

काकू आठवू लागल्या. पाणी? पाणी तर त्या मागायच्या आधीच देतात. नको? ताट सरकवतात. आणि हाक? सर काठी आपटतात. हल्ली काठीच आपटतात. 'अगं' शेवटचं कधी ऐकलं? भाजी निवडत बसल्या होत्या त्या दिवसाआधी. त्यानंतर? त्यांना काही केल्या आठवेना. रोज 'आय' आणि 'हिम' ऐकून त्या इतक्या फुलून गेल्या होत्या, की आपल्याला कुणी हाक मारत नाही हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"वापरलेली वाट रुळते ना, तसं झालंय," स्पीचवाली म्हणाली. "बोलायला गेले की तीच उत्तरं पुढे येतात, बाकीचं मागे राहतं. हे बंद करा, काकू. त्यांनी सुरू केलं तरी तुम्ही साथ देऊ नका. अजिबात."

"म्हणजे ते शब्द परत येतील?"

ती पोरगी खोटं बोलली असती तरी काकूंनी तिला आशीर्वादच दिला असता. पण ती म्हणाली, "फार आशा नाही. खोटं कशाला सांगू? पण हे चालू ठेवलंत तर मुळीच नाही."

"म्हणजे माझ्या हाताने गेले."

"तसं नाही हो, काकू."

"तसंच आहे," काकू म्हणाल्या. "होते चार शब्द, ते मी घालवले. दुसऱ्या कुणी नाही."

बाहेर येऊन त्या लेकीला म्हणाल्या, "चल. कधी न्यायचं ते ठरव." लेकीने काहीतरी समजुतीचं बोलायला सुरुवात केली, काकूंनी हाताने थांबवलं. मॉनिटरला सांगितलं, बाकं घेऊन जा, तुझ्या पोरांना होतील. ज्या बायांचे फोन आले होते त्यांना त्यांनी स्वतः फोन केले. प्रत्येकीला एकच वाक्य सांगितलं, सर आता शिकवणार नाहीत. एकीने विचारलं, "अहो, पण तुम्ही तर म्हणाला होतात..." काकू म्हणाल्या, "चुकले मी."

दुसऱ्या दिवशी पाच वाजले. सरांनी दाढी केली होती. शर्टाचं एक बटण वरखाली लागलं होतं. खुर्चीत बसून त्यांनी काठी आपटली. काकू गॅसपाशी उभ्या होत्या, गॅस पेटवलेला नव्हता. काठी पुन्हा वाजली. काकू हलल्या नाहीत. मनात म्हणाल्या, अहो, हाक मारा. एकदा मारा. फक्त अगं म्हणा, मी धावत येते. आयुष्यभर त्या हाकेला 'काय आहे, येते की!' म्हणून वैतागले, आता नाही वैतागणार.

मग प्लायवूडच्या पलीकडून आवाज आला.

"आय."

मध्ये बरोबर एका वाक्याइतका वेळ गेला. सरांनी काकूंच्या वाक्यासाठी जागा सोडली होती.

"मी."

काकूंच्या डोक्यात वाक्यं आपोआप चालू होती, आय सॉ डॅश ॲट द स्टेशन, आणि ती ओठांवर येऊ नयेत म्हणून त्यांनी दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले. "हिम," सर म्हणाले. थांबले. "दे," म्हणाले. सर शेवटापर्यंत गेले. काकू फरशीवर खाली बसल्या आणि कान देऊन ऐकत राहिल्या, आता तरी दुसरं काही म्हणतील म्हणून. मग सरांनी घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.